वाघ झालेल्या मावसभावाचं काय करायचं?

सापुताऱ्याला जाताना वघई सोडली की डांगात कुठे कुठे वाघदेव दिसतो. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर शेंदूर. आपण वसुबारसेला गाय-वासराची पूजा करतो, त्याच दिवशी तिकडे वाघबारस असते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा आठवीतला मावसभाऊ गाडीतून हा वाघ बघत आला आणि सुरतेला पोचताच म्हणाला, "दादा, माझं पात्र आता वाघ होणार."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रविवारी दुपारी आमच्या उधन्याच्या घरी आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणलेला हा खेळ. पट नसला तरी चालतं. कागद, पेन्सिल, २० बाजूंचा फासा आणि तोंडाने सांगायची गोष्ट एवढ्यावर तो चालतो. गोष्ट सांगणारा मी, बाकीचे चौघे पात्रं. माझी दहावीतली बहीण वैद्य आहे, म्हणजे खेळात.

मी नियमपुस्तक उघडलं. २०१४ च्या राक्षसांच्या पुस्तकात लांडगामानव, अस्वलमानव आहेत, तसा वाघमानवही आहे. खेळाडूला हा शाप लागला तर त्याची ताकद १७ होते, आणि चांदीचं किंवा मंतरलेलं नसेल तर साधं शस्त्र त्याला लागतच नाही. मी भोळेपणाने हो म्हटलं.

पहिल्याच रविवारी सहा गॉब्लिन आले. गॉब्लिनकडे साधी तलवार आणि साधे बाण. मावसभाऊ मध्ये उभा राहिला आणि एकेकाला फाडत सुटला. त्याला ओरखडासुद्धा नाही. बाकीचे तिघे बघत बसले. बहिणीला तर कामच उरलं नाही, जखमीच कोणी नाही तर वैद्य काय करणार? पुढच्या रविवारी मी शत्रूंना मंतरलेली शस्त्रं दिली. वाघाला जेमतेम लागलं, पण आमचा धनुर्धारी एका घावात आडवा. तिसऱ्या रविवारी बहीण आतल्या खोलीत अभ्यासाला बसली. "मी तिथे येऊन करू काय?" म्हणाली. तिचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

हिरण्यकशिपूची गोष्ट आठवा. माणसाकडून मरण नाही, प्राण्याकडून नाही, घरात नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही. असा वर एकाला मिळाला की बाकीचे देवही हात चोळत बसतात. मग नृसिंहाला यावं लागतं, आणि गोष्ट त्या दोघांचीच होते. वर्गातल्या नाटकात ते शोभतं. पाच जणांच्या टेबलावर नाही.

आधी मी पौर्णिमेचा उपाय केला: पौर्णिमेला पात्र माझ्या ताब्यात. चुकलंच. रोजची ताकद त्याची आणि महिन्यातून एकदा शिक्षा, हा कसला हिशेब? शिवाय त्या दिवशी तो फुगून मोबाइल बघत बसला. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत वेगळी तोड होती. असं पात्र घ्यायचं तर बरोबरच्यांपेक्षा काही पातळ्या मागे राहायचं. कागदावर ठीक, पण आठवीतल्या मुलाला ‘तू तीन पातळ्या थांब’ कोण सांगणार?

बरी वाट सापडली ती किथ बेकरच्या एबेरॉन या जगात. २००४ च्या त्या पुस्तकात शिफ्टर नावाची जमात आहे, वाघ-लांडगामानवांचे दूरचे वंशज. त्यांना अभेद्य अंग नाही. नव्या नियमांत ते एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या, रूप बदलतात. तेवढ्यापुरते थोडे जास्तीचे प्राणगुण मिळतात, एखाद्या प्रकाराला ६ बाजूंच्या फाशाचा चावाही मिळतो. मग परत माणूस.

हे मी बहिणीला दाखवलं. तिनेच पुढचं जोडलं. तिसऱ्या फेरीनंतर वाघाने प्रत्येक वेळी २० चा फासा टाकायचा. १० च्या खाली आला तर त्याला आपला-परका कळत नाही, जो जवळ त्याच्यावर झडप. आणि त्याला परत आणायचं तर कोणीतरी आपली पाळी खर्चून, जवळ जाऊन, नावाने हाक मारायची. "हे काम वैद्याचं," ती म्हणाली आणि पुस्तक घेऊन टेबलावर आली.

मावसभावाने दोन दिवस कुरकुर केली. "माझा वाघ मांजर केलात." पण खेळताना गंमत उलटी झाली. पूर्वी तो कसलाही विचार न करता वाघ व्हायचा. आता विचारतो: ताई किती पावलांवर आहे? धनुर्धारी मध्ये तर नाही ना? एकदा फासा ४ पडला आणि त्याने आमच्याच ढालवाल्याला लोळवलं. त्या दिवशी जेवढा आरडाओरडा झाला तेवढा सहा गॉब्लिन मारताना कधी झाला नव्हता. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या.

एक भोक अजून आहे. ५व्या पातळीला लढवय्यांना एका पाळीत दोन वार मिळतात. त्यावर वाघाचा चावा आला की पारडं पुन्हा झुकेल. बहुतेक फासा १० ऐवजी १२ च्या वर लागेल असं करावं लागेल. बहीण १३ म्हणतेय.

गेल्या रविवारी तो दुसऱ्याच फेरीत आपणहून माणूस झाला. समोर अर्धमेला राक्षस, एक चावा पुरला असता.

"घाबरलास?" बहिणीने विचारलं.

"नाही गं ताई. तू लांब होतीस."