मॉंगूसचं अनेकवचन

मूक अक्षरांवर आज लिहायचं ठरलं होतं, पण ती पुढच्या आठवड्यात. एका शिक्षिकेचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवणं मला जमेना. त्यांच्या वर्गातल्या मुलाने मॉंगूसचं अनेकवचन ‘मॉंगीस’ असं लिहिलं. गूसचं गीस होतं, तर याचं का नाही, असं तो विचारतो. गुण द्यावेत का?

परीक्षेत ‘मॉंगूसेस’ लिहावं. मेरियम-वेब्स्टर कोशात ‘मॉंगीस’ही सापडतं, पण दुय्यम पर्याय म्हणून. तरी मी त्या मुलाला अर्धा गुण देईन, कारण त्याने नियम शोधायचा प्रयत्न केलाय.

गूस हा शब्द फार जुना, आपल्या ‘हंस’चा सख्खा भाऊ. इंग्रजीच्या पूर्वजभाषेत त्याच्या अनेकवचनाला ‘इ’ असलेला प्रत्यय लागायचा. पुढे ‘इ’ यायचाय म्हणून जीभ आधीच पुढे सरकायची आणि मधल्या स्वराचं रूप पालटायचं. पुढे प्रत्यय झिजून गेला, पालटलेला स्वर मात्र राहिला. जुन्या इंग्रजीत गोस-गेस, आज गूस-गीस. फूट-फीट, टूथ-टीथ, माउस-माइस, मॅन-मेन ही सगळी याच घरातली. बुकचंही जुनं अनेकवचन ‘बेच’ होतं! ते मागे पडून बुक्स रूढ झालं, याची मला अजून हळहळ वाटते.

मॉंगूस या घरात कधी नव्हताच. तो इंग्रजीत आला सतराव्या शतकात, म्हणजे ही स्वरांची उलथापालथ होऊन हजारेक वर्षं लोटल्यावर. आणि आला कुठून? कोशकार बोट दाखवतात ते मराठी ‘मुंगूस’कडे. कन्नडमध्ये मुंगुसी, तेलुगूत मुंगिस, त्यामुळे मूळ बहुधा द्राविडी. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1670च्या दशकात मुंबई-सुरतेकडे होता. त्याच्या 1698 साली छापलेल्या प्रवासवर्णनात हा प्राणी भेटतो. शेवटचं ‘गूस’ इंग्रजांच्या कानाला ओळखीचं वाटलं आणि स्पेलिंगही तसंच बसलं. हंसाशी नातं एवढंच.

गंमत म्हणजे स्वर पालटायची हौस आपल्या मुंगसालाही आहे. मुंगूस-मुंगसं, माणूस-माणसं, लाकूड-लाकडं. फक्त आपल्याकडे प्रत्यय जागेवर असतो आणि त्याच्यापुढे ‘ऊ’चा ‘अ’ होतो. इंग्रजीत प्रत्ययच गेला.

तो मुलगा आता मूसबद्दल विचारणार, म्हणून तेही सांगून ठेवतो. उत्तर अमेरिकेतलं हे प्रचंड हरीण. नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या अल्गॉंक्वियन भाषांतलं. एक मूस, दहा मूस. डिअर आणि शीपसारखंच, काही बदलत नाही.