वजन उतरल्यावर ओव्हरशर्ट कोणत्या मापाचा?

देवळाली कॅम्पच्या हिवाळ्यात सकाळी घालायचा आणि दुपारच्या उन्हात काढायचा ओव्हरशर्ट वजन उतरल्यावर निवडताना जुना आकडा विसरून आधी खांदा पाहावा. पोट, छाती, दंड यांचा घेर घटतो. खांद्यांची रुंदी मुख्यतः हाडांवर ठरते, म्हणून ती फारशी बदलत नाही. खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी किंवा बोटभर पुढे बसली, की माप जमले. बाजूची शिवण शिंपी सहज आत घेतो. खांदा कमी करायला मात्र बाही उसवावी लागते. आत शर्ट असतो, मग सैल नको का, असे कोणी विचारेल. हवाच, पण त्यासाठी छातीच्या मापावर 4-5 इंच पुरतात. वजन पुन्हा वाढले तर? म्हणूनच जादा कापड कापू न देता शिवणीत माया ठेवून घ्यावी. कष्टाने हलक्या केलेल्या अंगाला आजच्या मापाचा कपडा मिळायलाच हवा.