माथेरानची मिनी ट्रेन: नाचणगावहून पावणेसातशे किलोमीटर जाऊन बसण्याइतकी ती खरंच मोलाची आहे का?

२१ किलोमीटरच्या प्रवासाला सुमारे पावणेतीन तास. टॅक्सीने गेलात तर तोच डोंगर अर्ध्या तासात. तिकीट आगाऊ मिळेलच असं नाही, आणि पावसाळ्यात गाडी पूर्ण मार्गावर बंद. तरीही दिवाळी जवळ आली की घराघरांत लेकरांची एकच मागणी असते, "झुकझुक गाडीत बसायचं."

नाचणगाव, पुलगाव, देवळी भागातल्या कुटुंबासाठी हा प्रश्न मुंबई-पुणेकरांपेक्षा वेगळा आहे. त्यांच्यासाठी माथेरान म्हणजे रविवारची सहल. इकडून जायचं तर दोन रात्री रेल्वेत, एक मुक्काम आणि वर्षातून एकदाच निघणारी मोठी सुट्टी. कापसाची वेचणी तोंडावर असताना घरातली चार माणसं तीन दिवस बाहेर काढणं ही सोपी गोष्ट नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी हिशेब मांडलेला बरा.

आधी ही गाडी काय आहे ते पाहू

नेरळ ते माथेरान हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात तो बांधून घेतला. त्या काळी १६ लाख रुपये खर्च आला. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज आणि माथेरान ही त्यावरची स्थानकं.

रुळांमधलं अंतर फक्त ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. पुलगावच्या जुन्या माणसांना याचा अंदाज लगेच येईल. पुलगाव-आर्वी ही ३५ किलोमीटरची नॅरोगेज गाडी ७६२ मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच फुटांच्या रुळांवर धावायची. कालका-शिमला मार्गही याच मापाचा आहे. माथेरानची गाडी त्याहून सहा इंच अरुंद. दार्जिलिंगची गाडी मात्र हिच्याच मापाची.

एवढी हळू का चालते?

नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर आहे, माथेरान सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे २१ किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटरहून जास्त चढ. सरासरी काढली तर दर २७-२८ मीटरला एक मीटर. सर्वांत अवघड जागी हा चढ १:२० आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना गाडी पाच मीटर वर चढते. तुलनेसाठी, मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरच्या कसारा घाटात चढ १:३७ आहे आणि तिथेही गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात.

निलगिरीच्या गाडीला चढावर दातेरी रुळांचा आधार असतो. माथेरानला तसं काही नाही. चाक आणि रूळ यांच्यातल्या घर्षणावरच सगळी भिस्त. त्यामुळे चढ आटोक्यात ठेवायला मार्ग डोंगराभोवती गुंडाळला आहे. एकामागून एक तीव्र वळणं येतात आणि प्रत्येक वळणावर वेग कमी करावा लागतो. सरासरी वेग निघतो ताशी आठ किलोमीटर. सायकलवाला यापेक्षा पुढे जाईल.

पण बसणाऱ्याचा फायदा याच संथपणात आहे. टॅक्सीच्या खिडकीतून जी दरी दोन सेकंदांत मागे पडते, ती इथे पाच मिनिटं दिसत राहते. आत्ता आपण ज्या रुळांवरून आलो ते खाली दिसतात, आणि जिथे जायचं आहे ते रूळ वर दिसतात. वाटेत एकच बोगदा आहे. तो इतका छोटा की त्याला गमतीने 'वन किस टनेल' म्हणतात.

गाडी कधी असते, कधी नसते?

निर्णयात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. दरवर्षी पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवतात. काही वेळा तो सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडतो. या काळात फक्त वरच्या सपाटीवरची अमन लॉज-माथेरान शटल चालते.

याला कारणं आहेत. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग जागोजागी वाहून गेला आणि पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. मे २०१६ मध्ये आठवडाभरात दोनदा डबे रुळांवरून घसरल्यावर सेवा थांबवण्यात आली. त्यानंतर गाडीला एअर ब्रेक बसवले आणि दरीच्या बाजूने संरक्षक कठडे उभारले. २०१९ च्या पावसात पुन्हा मोठं नुकसान झालं. रूळ, भराव आणि दगडी जाळीच्या भिंतींची कामं करून २२ ऑक्टोबर २०२२ ला पूर्ण मार्ग परत खुला झाला.

म्हणजे गंमत अशी की डोंगर सर्वांत हिरवा असतो, जुम्मापट्टीचे धबधबे वाहत असतात, तेव्हा गाडी नसते. आणि मे महिन्यात गाडी असते, पण डोंगर तपकिरी आणि हवा धुरकट. दोन्हींचा मेळ बसतो तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. गवत अजून वाळलेलं नसतं, आकाश स्वच्छ असतं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर आधी मार्ग सुरू झाल्याची बातमी येऊ द्या, मगच मुक्कामाचे पैसे भरा. रेल्वेचं आरक्षण मात्र ६० दिवस आधी खुलं होतं आणि दिवाळीत ते लवकर संपतं. ते काढून ठेवायला हरकत नाही, नंतर रद्द करता येतं.

तिकिटाची मेख

नेरळहून वर जाणाऱ्या गाड्या सकाळी मोजक्याच असतात, साधारण नऊच्या आणि साडेदहाच्या सुमाराला. गाडी सहा डब्यांची. त्यातले काही डबे सामान आणि गार्डसाठी. बसायच्या जागा शंभरच्या आसपास. तिकीट बहुतेक वेळा त्याच दिवशी खिडकीवर, गाडी सुटण्याच्या काही वेळ आधी देतात. त्यामुळे शनिवार-रविवारी आणि सुट्टीत रांगेतल्या मागच्या कुटुंबांना हात हलवत परतावं लागतं.

२०२२ मध्ये मार्ग खुला झाला तेव्हा द्वितीय श्रेणीचं तिकीट सुमारे ९५ रुपये आणि प्रथम श्रेणीचं ३४० रुपये होतं. काचेच्या छताचा विस्टाडोम डबा त्याहून महाग. दृश्य सगळ्यांना तेच दिसतं. द्वितीय श्रेणीत बाकडी अरुंद आणि गुडघ्याला गुडघा लागतो, एवढाच काय तो मुख्य फरक. या छोट्या डब्यांत शौचालय नसतं, ते नेरळ स्थानकावरच उरकून घ्यावं.

चौघांचा खर्च किती?

पुलगाव ते कल्याण सुमारे ६७५ किलोमीटर. दोन मोठे आणि बारा वर्षांवरील दोन मुलं धरून ढोबळ अंदाज असा:

• पुलगाव-कल्याण स्लीपर, जाऊन-येऊन: माणशी चारशेच्या घरात धरून सुमारे ३,२०० रुपये
• कल्याण-नेरळ लोकल, जाऊन-येऊन: सुमारे १२० रुपये
• मिनी ट्रेन, फक्त वर जाताना, द्वितीय श्रेणी: सुमारे ३८० रुपये
• परतताना शटल आणि नेरळपर्यंत शेअर टॅक्सी: सुमारे ६०० रुपये
• एक मुक्काम आणि जेवणखाण: आठवड्यातल्या साध्या दिवशी ३ ते ५ हजार, शनिवार-रविवारी जास्त

बेरीज सुमारे ७,३०० ते ९,३०० रुपयांच्या दरम्यान जाते. माथेरान नगरपरिषदेचा प्रवेश कर वेगळा. या सगळ्यात मिनी ट्रेनचा वाटा शंभरातले जेमतेम पाच रुपये. त्यामुळे खर्चाचा खरा प्रश्न आहे तो पुलगावहून तिथवर पोहोचण्याचा आणि राहण्याचा.

मग जायचं कसं?

पुलगावहून मुंबईकडे रात्रीतून नेणाऱ्या दोन सोयीच्या गाड्या आहेत, विदर्भ एक्स्प्रेस आणि सेवाग्राम एक्स्प्रेस. दोन्ही कल्याणला थांबतात. इथे एक निवड करावी लागते.

विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी निघून पहाटे-सकाळी कल्याणला सोडते. तिथून कर्जत किंवा खोपोली लोकलने पाऊण तासात नेरळ. सकाळच्या मिनी ट्रेनची रांग गाठता येते. पण कसारा घाट अंधारात जातो.

सेवाग्राम एक्स्प्रेस उशिरा निघते आणि सकाळच्या उजेडात इगतपुरीहून घाट उतरते. मात्र कल्याणला पोहोचेपर्यंत नेरळच्या सकाळच्या गाड्या सुटण्याची वेळ झालेली असते.

म्हणून जाताना विदर्भ आणि येताना सेवाग्राम हा क्रम जास्त जमतो. पहिल्या दिवशी मिनी ट्रेनने वर, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी पॉइंट पाहून दुपारच्या आत टॅक्सीने खाली. सेवाग्राम एक्स्प्रेस दुपारी मुंबईहून सुटते आणि कल्याणनंतर उजेड असतानाच कसाऱ्याला येते. कसारा ते इगतपुरी हा सोळा किलोमीटरचा घाट १८६५ पासून वापरात आहे. मागे जोडलेली जादा इंजिनं, बोगदे, एहेगावचा उंच पूल हे सगळं स्लीपरच्या तिकिटातच पाहायला मिळतं. निघण्याआधी वेळा रेल्वेच्या ॲपवर तपासून घ्या, त्या बदलत असतात.

येताना मिनी ट्रेनचा आग्रह धरू नये. ती दुपारनंतर माथेरानहून सुटते आणि नेरळला पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. सेवाग्राम तोवर निघून गेलेली असते.

तिकीट नाहीच मिळालं तर?

नेरळहून टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत जाते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने पुढे गाडी नेता येत नाही. दस्तुरीजवळच अमन लॉज स्थानक आहे. तिथून माथेरान बाजारपेठेपर्यंतची शटल वीस मिनिटांची आहे आणि तिच्या फेऱ्या दिवसभर असतात. घाटाचा थरार त्यात नाही, पण लहान लेकरांना तेच डबे, तेच रूळ, तीच शिट्टी मिळते. पाच वर्षांच्या मुलाला पावणेतीन तासांपेक्षा ही वीस मिनिटंच जास्त आवडण्याची शक्यता आहे.

कोणी जावं, कोणी थांबावं?

जावं: मुंबई, ठाणे किंवा पुण्याला लग्न, परीक्षा, दवाखाना अशा कामासाठी जाणं होणारच असेल तर. तेव्हा लांबच्या प्रवासाचा खर्च तसाही होणार असतो आणि माथेरानसाठी फक्त एक-दोन दिवस वाढवावे लागतात. घरात आर्वीची गाडी पाहिलेले आजी-आजोबा असतील आणि त्यांना गुडघ्यांचा फार त्रास नसेल, तर त्यांनाही न्यावं. त्या गाडीच्या आठवणी नातवंडांना सांगायला यापेक्षा चांगली जागा मिळणं कठीण.

थांबावं: फक्त एक दिवस हाताशी असेल, प्रवास जून ते ऑक्टोबरमध्ये ठरत असेल, किंवा वळणांवर मळमळणारं लेकरू सोबत असेल तर. लांब सुट्टी आणि जास्त बजेट असलेल्यांनी कालका-शिमला हाही पर्याय पाहावा. ९६ किलोमीटरचा तो मार्ग जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथे आगाऊ आरक्षण मिळतं. पण त्यासाठी आठवडाभर लागेल.

विदर्भालाही कधी काळी स्वतःची डोंगरी गाडी होती. अकोला-खंडवा मीटरगेज मेळघाटातून जायची आणि धूळघाटला स्वतःभोवती वळसा घालून चढायची. गेज बदलाच्या कामासाठी ती २०१७ पासून बंद आहे आणि नवा मार्ग व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून नेला जात आहे. आर्वीची गाडी त्याआधीच थांबली. त्यामुळे आज नाचणगावच्या मुलाला अशा अरुंद रुळांवरून डोंगर चढायचा असेल, तर राज्यात माथेरानशिवाय दुसरी गाडी नाही.

थोडक्यात: फक्त मिनी ट्रेनसाठी पावणेसातशे किलोमीटर जाऊ नका. दुसऱ्या कामाला जोडून, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आठवड्याच्या मधल्या दिवशी, एक मुक्काम धरून गेलात तर पैसे वसूल. वर जाताना मिनी ट्रेन, खाली येताना टॅक्सी, आणि परतीत कसारा घाटाच्या वेळी मोबाईल बाजूला ठेवून खिडकी.