नियम अस्वलाला नव्हे, माणसाला!

एक काळ असा होता की, वस्तीत डमरू वाजला म्हणजे पोरेसोरे हातातली भाकरी टाकून बाहेर धावत. दरवेशी अस्वल घेऊन आलेला असे. नाकात ओवलेल्या दोरीला हिसका बसला की ते बिचारे मागच्या दोन पायांवर उभे राही. त्यालाच आपण नाच म्हणत असू! खेळ संपल्यावर आयाबाया पुढे होत, अस्वलाचा केस घालून केलेला ताईत विकत घेत आणि लेकराच्या गळ्यात बांधत. त्या केसाने कोणाचा ताप उतरला नाही, कोणाची भीती गेली नाही. पण ते अस्वल लहान असताना त्याच्या आईला मारलेले असे, तापल्या सळईने त्याचे नाक टोचलेले असे, हे मात्र आपल्याला कोणी सांगितले नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तरीही हा खेळ आपल्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहीसा व्हायला २००९ साल उजाडावे लागले. त्या खेळावर पोट भरणारी कुटुंबेही गरीबच होती. त्यांना कमाईचे दुसरे साधन मिळाले, तेव्हाच अस्वलाची दोरी सुटली.

मग अस्वल पाहावेसे वाटले, त्याचे छायाचित्र घ्यावेसे वाटले, तर ते कसे घ्यावे? याचे एक चांगले उत्तर अमेरिकेच्या अलास्का प्रांतात पाहायला मिळते.

कॅमेऱ्याचे शिबिर, अस्वलांच्या गावात

अलास्काच्या दक्षिण किनाऱ्यावर कटमाई नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे सुमारे २,२०० तपकिरी अस्वले आहेत, असा उद्यानाचा अंदाज आहे. पूर्ण वाढलेला नर शरद ऋतूपर्यंत खाऊन खाऊन साडेचारशे किलोच्याही पुढे जातो. असे हे अवाढव्य जनावर जूनमध्ये गाईसारखे कुरणात चरताना दिसते! ओहोटीला ते वाळू उकरून शिंपल्या काढते आणि जुलैत सॅल्मन मासे समुद्रातून नदीत चढू लागले की धबधब्यावर जाऊन उभे राहते.

या किनाऱ्यावर उन्हाळ्यात छायाचित्रणाची शिबिरे भरतात. पाण्यावर उतरणाऱ्या लहान विमानातून किंवा बोटीतून पाच-दहा जणांचा गट येतो. सोबत छायाचित्रण शिकवणारा असतो आणि अस्वलांचा स्वभाव जाणणारा वाटाड्या असतो. पहिला धडा कॅमेऱ्याचा नसतो. तो असतो वागण्याचा.

गट सोडायचा नाही. एकामागून एक, हळू चालायचे. पळायचे नाही. आई आणि पिले यांच्या मध्ये जायचे नाही. खाण्याची वस्तू उघड्यावर ठेवायची नाही, मग ती बिस्किटाची एक पुडी का असेना. कटमाईत अस्वलाच्या ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत आपण होऊन जायला नियमानेच बंदी आहे. वाटाड्याने सांगितले तेथे बसायचे. अस्वल आपल्या वाटेने जवळ आले तर घाबरून उठायचे नाही आणि हर्षभरित होऊन पुढेही सरकायचे नाही.

वाटाड्याचे लक्ष कॅमेऱ्याकडे नसून अस्वलाच्या चेहऱ्याकडे असते. अस्वल जांभई देऊ लागले, तोंडातून लाळ गळू लागली, फुसफुसू लागले, तर ते अस्वस्थ आहे असे समजावे. मग कितीही सुंदर चित्र समोर असो, वाटाडा सगळ्यांना मागे घेतो. पैसे भरून आलेल्या पाहुण्यालाही तेथे अपील नाही.

चांगले चित्र बसून मिळते

मग कॅमेऱ्याचा धडा. लांब पल्ल्याची भिंग लावायची, म्हणजे आपल्याला जवळ जावे लागत नाही. उभे राहून वरून चित्र घेतले तर अस्वल गोणपाटासारखे दिसते. खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतले, तर एक जिवंत प्राणी आपल्याकडे पाहतो आहे असे वाटते. उसळणारा मासा टिपायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके वेगवान हवे. कडक उन्हापेक्षा ढगाळ उजेडात अस्वलाची लव चांगली उठून दिसते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे थांबणे.

कटमाईतल्या ब्रुक्स धबधब्यावर १९८८ साली थॉमस मँगल्सन या छायाचित्रकाराने एक चित्र घेतले. उडी मारलेला सॅल्मन थेट अस्वलाच्या उघड्या जबड्यात शिरतो आहे! तो रोलचा जमाना होता. आपल्याला काय मिळाले आहे हे रोल धुऊन आल्यावरच कळे. ते चित्र जगभर गाजले. त्यासाठी अस्वलाला कोणी हुसकावले नव्हते, आमिषही दाखवले नव्हते.

दहाच माणसे

कटमाईच्या उत्तरेला लागून मॅकनील नदीचे अभयारण्य आहे. ते १९६७ साली स्थापन झाले. तेथील धबधब्यावर एका वेळी ७४ अस्वले मोजली गेली आहेत. इतकी अस्वले पाहायला कोणाला आवडणार नाही? पण गर्दीने अस्वलेही बिथरतात आणि माणसेही धोक्यात येतात. म्हणून १९७३ पासून तेथे परवाना लागतो. चिठ्ठ्या टाकून नावे काढतात. दिवसाला एका गटात दहाच माणसे. ती तीन-साडेतीन किलोमीटर चालत त्याच वाटेने जातात, त्याच जागी बसतात आणि त्याच वाटेने परततात. वाटाड्याकडे बंदूक असते. लॅरी ऑमिलर या अधिकाऱ्याने १९७६ पासून सुमारे तीस वर्षे ही शिस्त सांभाळली.

याचे फळ काय? परवाना सुरू झाल्यापासून तेथे एकाही पाहुण्याला अस्वलाने जखमी केलेले नाही आणि माणसाच्या बचावासाठी एकाही अस्वलाला मारावे लागलेले नाही. उलट, कधी कधी अस्वलीण पिलांना माणसांच्या जवळ ठेवून मासे धरायला जाते. मोठे नर माणसांपासून जरा दूर राहतात, म्हणून तिला ती जागा सुरक्षित वाटते! ज्या माणसाने हजारो वर्षे अस्वलाची शिकार केली, त्याच्याजवळ एक आई आपली लेकरे ठेवते, हा विश्वास शिस्तीने मिळवलेला आहे.

चटक लागली की जीव जातो

शिस्त मोडली तर काय होते, याचेही उदाहरण आहे. मिचिओ होशिनो हे जपानचे थोर छायाचित्रकार. अलास्काच्या अस्वलांवर त्यांनी जीव लावला होता. १९९६ च्या ऑगस्टमध्ये रशियातील कामचाटका येथे कुरील सरोवराकाठी ते तंबूत झोपले असता एका अस्वलाने त्यांना ठार केले. त्या अस्वलाला माणसाच्या अन्नाची चटक लागलेली होती. ती चटक लावली दुसऱ्याच कोणी, आणि जीव गेला एका सज्जन माणसाचा. म्हणूनच अस्वलाला घास टाकणे ही भूतदया नव्हे. त्या घासाने पुढे अस्वलही मरते आणि माणूसही.

आपल्याकडे काय?

अशा शिबिराचा खर्च लाखांच्या घरात जातो. तो कष्टकरी माणसाच्या आवाक्यातला नाही. पण पाहणे फुकट आहे. ब्रुक्स धबधब्यावर २०१२ पासून कॅमेरे बसवलेले आहेत आणि उन्हाळ्यात तेथील अस्वले घरबसल्या मोबाईलवर दिसतात. शाळेतून आल्यावर मुलांना ती अवश्य दाखवा.

आणि शिकणे तर त्याहून फुकट आहे. चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट, बुलढाणा या भागांत आपली काळी अस्वले आहेत. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला जाणाऱ्या माणसांना हौस म्हणून नव्हे, तर पोटासाठी त्यांच्या वाटेवर जावे लागते. मोहफुले अस्वलालाही आवडतात. आपले अस्वल अलास्कातल्यासारखे शांत बसू देत नाही. त्याची नजर अधू, माणूस एकदम समोर आला की ते दचकते आणि अंगावर येते. म्हणून एकट्याने जाऊ नये, अंधारात जाऊ नये, दाट झुडपात शिरताना बोलत, आवाज करत जावे. त्याला आधीच चाहूल लागली तर बहुधा तेच वाट सोडते.

गावात अस्वल आले, विहिरीत पडले, की आज शंभर मोबाईल पुढे होतात. कोणी दगड मारतो, कोणी पाठलाग करतो, कोणी पाठ करून स्वतःचाच फोटो काढतो. चवताळलेले अस्वल मग जो सापडेल त्याला ओरबाडते, आणि तो बहुधा फोटो काढणारा नसतो, शेतावरून परतणारी एखादी बाई असते. अशा वेळी पोरांना घरात घ्यावे, वाट मोकळी ठेवावी, वनखात्याला कळवावे.

दरवेश्याच्या हातची दोरी गेली. आता आपल्या हातात मोबाईल आहे. त्याचीही दोरी होऊ नये, एवढे आपण आपल्या मुलांना शिकवू या.