विश्लेषण : ‘नीट’नंतर बायोमेडिकल सायन्स... ही पदवी नेमकी कशाची, कोणासाठी?

वैद्यकीय प्रवेश हुकला की अनेक घरांत ‘बायोमेडिकल सायन्स’ची चौकशी सुरू होते. नावात ‘मेडिकल’ असले तरी ही पदवी डॉक्टर घडवत नाही आणि लॅब टेक्निशियनही नाही. मग ती कोणी घ्यावी?

गोंधळ कशामुळे?

२०२५ मध्ये ‘नीट’ देणाऱ्यांची संख्या २२ लाखांहून अधिक होती. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. जीवशास्त्राची आवड असलेले उरलेले विद्यार्थी साहजिकच मिळत्याजुळत्या नावांकडे वळतात. मात्र बायोमेडिकल इंजिनीअरिंग ही एमआरआय, व्हेंटिलेटर, कृत्रिम अवयव अशा उपकरणांशी संबंधित अभियांत्रिकीची शाखा आहे. डीएमएलटी, बीएमएलटी हे वैद्यकीय प्रयोगशाळेत तपासण्या करण्याचे प्रशिक्षण. बायोमेडिकल सायन्स या दोन्हींहून वेगळे. शरीर, आजार आणि औषध यांमागचे विज्ञान हा त्याचा विषय.

शिकवतात काय?

दिल्ली विद्यापीठाच्या आचार्य नरेंद्र देव आणि भास्कराचार्य या महाविद्यालयांत हा बीएस्सी ऑनर्स अभ्यासक्रम चालतो. तेथे प्रवेश २०२२ पासून ‘सीयूईटी’द्वारे होतो. जीवरसायनशास्त्र, पेशीविज्ञान, शरीरक्रियाशास्त्र, जनुकशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र असे विषय असतात.

एक उदाहरण घेऊ. मधुमेहींची ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणजे एचबीए१सी तपासणी. टेक्निशियन नमुना यंत्रात घालून अचूक आकडा काढतो. डॉक्टर तो पाहून औषध ठरवतात. बायोमेडिकलचा विद्यार्थी विचारतो, तीन महिन्यांचीच का? कारण रक्तातील साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. मग ज्या आजारात या पेशी लवकर नष्ट होतात, तेथे हा आकडा फसवा ठरतो. अशा प्रश्नांत रस वाटत असेल, तर ही पदवी त्या विद्यार्थ्यासाठी आहे.

पुढे डॉक्टर होता येते?

या पदवीच्या आधारे नाही. भारतात एमबीबीएससाठी ‘नीट’ अनिवार्य आहे आणि ही पदवी घेऊन थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळत नाही. कोणी तसे आश्वासन देत असेल तर सावध व्हावे. पॅथॉलॉजीच्या अहवालावर सही करण्याचा अधिकारही या पदवीने मिळत नाही. रुग्णालयातील टेक्निशियनच्या जागेसाठी सहसा डीएमएलटी किंवा बीएमएलटीच मागतात.

मग नोकरीचे काय?

हा खरा कळीचा प्रश्न. केवळ पदवीवर औषध कंपन्यांत गुणवत्ता नियंत्रण किंवा औषधांच्या चाचण्यांची माहिती सांभाळण्याची कामे मिळू शकतात. संशोधनाकडे जायचे तर एमएस्सी आणि पीएचडी हाच रस्ता. ‘जॅम’, ‘गॅट-बी’ या परीक्षांतून एमएस्सीला, तर ‘नेट’मधून पुढे संशोधनाला प्रवेश मिळतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असतील तर थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो. पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, खारघरचे ‘अॅक्ट्रेक’ या संस्थांचे काम याच क्षेत्रातले.

हिशेब मात्र आधीच मांडावा. पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडी मिळून दहा वर्षे सहज जातात. घरात एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी कमाईची गरज असेल, तर बीएमएलटी हा जवळचा मार्ग ठरू शकतो. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

परदेशातील पदवीचे काय?

ब्रिटनमध्ये ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे पदनाम कायद्याने संरक्षित आहे. एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. त्यासाठी तेथील विद्यार्थी सहसा आयबीएमएस या संस्थेची मान्यता असलेली पदवी घेतात आणि मंजूर प्रयोगशाळेत प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करतात. त्यामुळे शैक्षणिक कर्ज काढून तिकडे जाण्यापूर्वी अभ्यासक्रमाला ती मान्यता आहे का आणि प्रशिक्षणाची जागा कोण मिळवून देणार, हे विचारायलाच हवे.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का, हे पहिले. पदवी प्रमाणपत्रावर नेमके कोणते नाव छापले जाणार, हे दुसरे. कारण एमएस्सीची पात्रता आणि नोकरीच्या जाहिराती त्या नावावर अडतात. तिसरे, आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती आणि विद्यार्थी स्वतः उपकरण हाताळतात की लांबून पाहतात. चौथे, मागील दोन तुकड्यांतील विद्यार्थी आज काय करतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयातील माहितीपत्रकावरून न घेता, शक्यतो त्या विद्यार्थ्यांशीच बोलून घ्यावे. शुल्काचा पहिला हप्ता त्यानंतर भरावा.