दोन डॉलरचे पिस्तूल : रिचर्ड राइट यांच्या कथेतील पौरुषाची आकांक्षा

रिचर्ड राइट (१९०८-१९६०) हे अमेरिकन कृष्णवर्णीय साहित्यातील एक प्रमुख कथाकार व कादंबरीकार होत. त्यांची 'ऑलमोस अ मॅन' ही कथा १९४० मध्ये 'हार्पर्स बझार' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे 'द मॅन हू वॉज ऑलमोस्ट अ मॅन' या शीर्षकाने ती 'एट मेन' (१९६१) या मरणोत्तर संग्रहात समाविष्ट झाली. शीर्षकातील 'मॅन' या एका शब्दात मराठीतील 'पुरुष' आणि 'माणूस' हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. कथेचा सारा ताण या दोन अर्थांमधील अंतरात आहे.

सतरा वर्षांचा डेव्ह सॉन्डर्स हॉकिन्स या गोऱ्या जमीनदाराच्या शेतावर राबतो. त्याची मजुरी मात्र त्याच्या हाती पडत नाही. ती आई परस्पर घेते. सोबतची माणसे त्याला पोर समजतात, म्हणून त्याला पिस्तूल हवे आहे. गोऱ्या दुकानदाराकडून दोन डॉलरला घेतलेले ते जुने पिस्तूल त्याला धड चालवताही येत नाही. पहिली गोळी तो डोळे मिटून, तोंड फिरवून झाडतो आणि ती जेनी नावाच्या खेचराला लागते. वाहत्या जखमेत ओली माती कोंबून रक्त थांबवू पाहणारा डेव्ह हे या कथेतील सर्वांत करुण चित्र होय. ज्या वस्तूने पुरुषत्व येणार होते, तिनेच त्याच्यातील बालक उघडे पाडले.

खरी मानहानी त्यानंतरची आहे. भरल्या जमावासमोर त्याला सत्य कबूल करावे लागते आणि जमाव हसतो. खेचराची किंमत पन्नास डॉलर ठरते व ती दरमहा दोन डॉलरप्रमाणे फेडावयाची असते. म्हणजे पंचवीस महिने, दरमहा एका पिस्तुलाची किंमत! सत्ता विकत घेऊ पाहणारा मुलगा कर्जाने त्याच शेताला बांधला जातो. दक्षिणेतील भूमिहीन कृष्णवर्णीयांना कर्जात अडकवून जमिनीवर जखडून ठेवण्याची रीत राइट यांना परकी नव्हती. त्यांचे वडील बटाईने शेती करीत.

डेव्हच्या वर्तनाला केवळ पौगंडावस्थेतील हूडपणा म्हणणे अपुरे ठरते. वर्णविद्वेषी दक्षिणेत प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषालाही गोरे लोक 'बॉय' म्हणूनच हाक मारीत. वय वाढल्याने मान मिळेल, ही आशा डेव्हने कोणाकडे पाहून धरावी? घरात हात उगारणारा त्याचा बापही हॉकिन्ससमोर मुलाच्या कर्जाला मान्यता देण्यापलीकडे काही करू शकत नाही. तथापि, राइट यांनी नायकाची बाजू आंधळेपणाने घेतलेली नाही. रात्री पुरलेले पिस्तूल उकरून डेव्ह उरलेल्या गोळ्या झाडतो. आणखी एक गोळी असती तर हॉकिन्सच्या पांढऱ्या घरावर झाडून त्याला घाबरवले असते, असे त्याला वाटते. सन्मान म्हणजे दुसऱ्याच्या मनातील भीती, एवढाच धडा त्याला भोवतालच्या समाजाने दिला आहे.

अखेरीस तो 'इलिनॉय सेंट्रल'च्या धावत्या गाडीवर चढतो. याच लोहमार्गाने दक्षिणेतील असंख्य कृष्णवर्णीय शिकागोकडे स्थलांतरित झाले. राइट स्वतः १९२७ मध्ये मेम्फिसहून शिकागोला गेले. डेव्ह कोठे उतरतो, हे कथा सांगत नाही. त्याच्या खिशात पिस्तूल आहे, आणि ते रिकामे आहे.