वरचं पाणी गुलाबी

गणेशोत्सवात वाशीममध्ये रक्तदान शिबिरं लागतात आणि रक्तपेढीत नळ्यांचे स्टँड भरून जातात. अशाच एका दुपारी मी टेक्निशियनच्या खांद्यामागे उभा होतो. टाइलवर एका दात्याच्या रक्ताचे थेंब, एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी. कुठेच गुठळी नाही, म्हणजे ओ. मला वाटलं, झालं काम. पण त्यांनी रिव्हर्स ग्रुपिंग लावलं: दात्याचं ताजं सिरम आणि त्यात माहीत असलेल्या ए, बी, ओ गटांच्या पेशी.

सेंट्रिफ्यूज थांबताच मी नळीकडे हात नेला.

"हलवू नका भाऊ, आधी वरचं पानी पाहा."

ए पेशींच्या नळीत वरचं पाणी गुलाबी होतं आणि तळाची लाल टिकली बारीक झाली होती. पेशी चिकटल्या नव्हत्या, फुटल्या होत्या. नवखा माणूस गुठळी नाही म्हणून निगेटिव्ह लिहील. हे पक्कं पॉझिटिव्ह.

ए आणि बी यांत फरक पेशीवरच्या टोकाच्या एका साखरेचा. (कुळथातलं एक प्रथिनही ए-१ पेशींची साखर ओळखतं. फ्रिजमध्ये त्याची बाटली पाहून मला कुळथाचा उगाच अभिमान वाटला.) सिरममधलं आयजीएम प्रतिपिंड ती साखर धरतं, त्यावर सी-१-क्यू हे प्रथिन बसतं, मग सिरममधल्या कॉम्प्लिमेंट या साखळीतली प्रथिनं एकेक करून जागी होतात आणि शेवटची पेशीला भोक पाडतात. यकृतात बनणारं मॅनोज-बाइंडिंग लेक्टिन तर प्रतिपिंडाचीही वाट पाहत नाही. जंतूच्या अंगावरची मॅनोज ही साखर धरून थेट ही साखळी पेटवतं.

तेच रक्त जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत घेतलं असतं, तर कॅल्शियम अडकलं असतं, कॉम्प्लिमेंट गप्प राहिलं असतं आणि तळाशी नुसती गुठळी दिसली असती. सिरम ५६ अंशांवर अर्धा तास तापवलं तरी तेच.

ओ पेशींच्या नळीकडे त्यांनी सर्वांत जास्त वेळ पाहिलं. ती स्वच्छ होती. तिथे गुठळी आली असती, तर बॉम्बे रक्तगटाचा संशय. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मधून कळवलेला हा गट टाइलवर हुबेहूब ओ दिसतो. पण साध्या ओ पेशींवर असते ती एच साखरच त्या पेशींवर नसते, त्या सिरममधली प्रतिपिंडं तिच्यावर तुटून पडतात, आणि अशा माणसाला साधं ओ रक्त चढवलं तर नळीतला हा गुलाबी प्रकार शिरेत घडतो.

तुमच्या कार्डावर 'ओ' असेल, तर रिव्हर्स ग्रुपिंग झालं होतं का, एवढं रक्तपेढीत विचारून घ्या.